खोली म्हणजे पातळी

एका सहीच्या बदल्यात खडूबाईला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, खिडकीजवळची खुर्ची. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना अकरा विहिरींची उन्हातली पायपीट संपून पंख्याखाली बसायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याच्या टाचांना भेगा पडल्यात त्यालाच कळावं. दुसरी, थोरल्या बहिणीच्या मुलीला नव्या नियंत्रण कक्षात नोकरी. तिसरी जरा लाजण्यासारखी होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला 'तज्ज्ञ' म्हणणार होतं, तेही छापील. आणि एवढं सगळं पदरात घालणारे बदल्यात मागत काय होते, तर निळ्या शाईतली दीड इंचाची सही. कुणीही केली असती. खडूबाईने तर दोनदा केली, कारण पहिली जरा तिरकी आली होती.

ती पाणीखात्यात मापनीस होती. शहराच्या पोटात पाणी किती उरलंय ते मोजायचं, एवढंच तिचं काम. त्यासाठी खात्याने ठिकठिकाणी अकरा अरुंद विहिरी खणून ठेवल्या होत्या. वीतभर रुंद, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. त्यांतलं पाणी काढायचं नाही, नुसतं बघायचं. तिच्या पिशवीत लांबलचक पोलादी टेप, टेपच्या टोकाला शिशाचा गोळा आणि खडूंचा डबा. टेपच्या शेवटच्या काही फुटांना खडू चोळायचा, ती विहिरीत सोडायची, एक पूर्ण आकडा काठाला धरायचा आणि वर ओढायची. जिथवर खडू भिजून काळपट झाला, तिथवर पाणी. मग वजाबाकी करून वहीत आकडा टाकायचा. हात कायम पांढरे. बसमध्ये लोक तिला शिक्षिका समजून पोरांच्या गणिताच्या तक्रारी सांगत, आणि ती त्या ऐकूनही घेई.

वहीत त्या आकड्याच्या रकान्यावर छापलेलं होतं 'खोली'. काठापासून पाणी किती फूट खोल, ती खोली. आकडा लहान तर पाणी वर, आकडा मोठा तर पाणी खाली. पण बोलताना हा शब्द खात्यात कुणी वापरत नसे. सगळे म्हणत पातळी.

"आज सात नंबरची पातळी किती?"

"अठ्ठेचाळीस."

"अरे देवा." कारण गेल्या वर्षी चव्वेचाळीस होती. कुठल्या आकड्यावर सुस्कारा टाकायचा ते शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. सव्वीस वर्षं चुकीच्या शब्दावर बरोबर काम चाललं होतं, आणि अशा कामाला सहसा धक्का लागत नाही. बाहेरचा कुणी येईपर्यंत.

बाहेरचा आला तो ढगघरामुळे.

शहराच्या कडेला एक बिनखिडक्यांची इमारत उभी राहिली होती. आत माणसं वीस आणि संगणक हजारो. जगभरच्या लोकांचे फोटो, पत्रं, सिनेमे, हिशेब तिथे साठवले जात. कंपनीची माणसं म्हणत, सगळं क्लाऊडवर असतं. शहराने त्याचं तिथल्या तिथे भाषांतर केलं आणि इमारतीचं नाव पडलं ढगघर. ते संगणक रात्रंदिवस तापत, आणि त्यांना थंड ठेवायला लागे पाणी. खडूबाईची थोरली बहीण लाँड्री चालवायची. जिभेला धार होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "नवलाचाच ढग म्हणायचा. वरून टाकायचं सोडून खालून ओढतो."

लोक कुरकुरायला लागले तेव्हा खात्याने एक सल्लागार आणला. तिशीतला, बुटांवर धूळ न बसणारा. त्याने सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवली आणि सांगितलं, "मित्रहो, आपल्याकडे पाणी कमी नाही, माहिती कमी आहे." प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी एक डबी बसणार. डबी आवाज खाली सोडणार, पाण्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकणार, आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा धाडणार. पातळी चढली तर ढगघराची झडप आपोआप थोडी जास्त उघडणार, उतरली तर आपोआप मिटणार. मध्ये माणूस नाही. वशिला नाही, आळस नाही, चूक नाही. "निसर्गाची मर्यादा म्हणतात ती मर्यादा नसते," तो म्हणाला, "ती फक्त न सोडवलेलं गणित असते."

खोटं कशाला बोला, खडूबाईला तो आवडला. योजनाही कागदावर चोख होती. उतरलं की मिटणार, याहून शहाणपणाचं आजवर त्या खात्यात कुणी काही बोललं नव्हतं.

जुन्या वह्या संगणकात भरायचं काम कुठल्याशा दूरच्या शहरात चाललं होतं. एका दुपारी तिकडून फोन आला.

"मॅडम, तुमच्या वहीत एक रकाना आहे. वर लिहिलंय खोली. खाली एकेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. या खोल्या कुठल्या इमारतीतल्या आहेत?"

खडूबाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. "अहो, विहिरीत कोण भाडेकरू ठेवतंय! खोलीचा नंबर नाही तो. खोली म्हणजे पातळी. पाण्याची पातळी."

"अच्छा, पातळी. म्हणजे लेव्हल."

"हां, तेच ते."

पुढे दोन दिवस खात्यातला चहा या किश्श्यावर उकळला. शिपाई एकेका विहिरीकडे बोट दाखवून विचारायचा, "बाई, एकेचाळीस नंबरच्या खोलीचं भाडं आलं का?" सगळे हसत होते, आणि दूर कुठेतरी एका रकान्याच्या डोक्यावरचा शब्द बदलला जात होता.

मग पडताळणीचा दिवस आला. सल्लागार हातात पाटीएवढा संगणक घेऊन, खडूबाई टेप घेऊन, अशी दोघं अकराही विहिरी फिरली. सात नंबरला टेप म्हणाली अठ्ठेचाळीस, डबी म्हणाली अठ्ठेचाळीस. डबीही काठावरूनच मोजत होती, वेगळं काय म्हणणार? सल्लागाराने कागद पुढे केला. 'यंत्राचा व नोंदवहीचा आकडा तंतोतंत जुळतो.' जुळतच होता. खडूबाईने सही केली. तिरकी आली म्हणून परत केली.

महिन्याभरात मुख्य चौकात मोठा दिव्यांचा फलक लागला. 'आजची पातळी', खाली सात नंबरच्या विहिरीचा आकडा, शेजारी वर तोंड केलेला हिरवा बाण, आणि तळाशी 'पडताळणी: ज्येष्ठ मापन तज्ज्ञ' असं लिहून खडूबाईची सही हुबेहूब छापलेली. येता-जाता ती फलक बघे. पन्नास झाले, पंचावन्न झाले. आकडा वाईट होता, पण समाधानही वाटे. चला, आता लपवाछपवी नाही, लोकांना रोज दिसतंय, आता लोक नळ जपून सोडतील. बाण हिरवा का, असा प्रश्न एकदा मनात आला होता. हल्ली सगळंच हिरवं करतात म्हणून तिने तो सोडून दिला.

आणि त्याच फलकासमोर उभे राहून लोक म्हणत होते, "बघा, पंचावन्न! तंत्रज्ञान म्हणतात ते हे." घरी जाऊन ते गाड्या धूत होते.

या दोन समजुतींची गाठ पडली ती थोरलीच्या लाँड्रीत.

लाँड्री म्हणजे लांबट पत्र्याची शेड. पुढे इस्त्रीची टेबलं, त्यांवर करपून तपकिरी झालेल्या घोंगड्या. मागे तीन मोठी धुलाई यंत्रं आणि बॉयलर. दोन इस्पितळांच्या चादरी तिथे येत, दिवसाला चारशे. यंत्रांना पाणी शेडमागच्या बोअरचं, ऐंशी फुटांचं. शिवाय नदीच्या नळाची राखीव जोडणी. बोअर दगा देईल त्या दिवसासाठी. ती जोडणी मिळवायला थोरलीने तीन वर्षं खात्याचे उंबरठे झिजवले होते, आणि बहीण त्याच खात्यात असून एका शब्दाची शिफारस घेतली नव्हती.

त्या दिवशी खडूबाई शिरली तेव्हा थोरली वाफेच्या ढगात उभी राहून चादरीला नीळ देत होती.

"ताई, फलक पाहिलास? त्रेसष्ट झाली."

"पाहिला की!" थोरली खूश होती. "रोज बघते. तुझी सही बघितली की ऊर भरून येतो बघ."

"ऊर कसला भरून येतो? त्रेसष्ट म्हणजे काय खेळ आहे?"

"तेच म्हणते मी. म्हणून तर नळाची जोडणी सोडून दिली."

खडूबाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "काय सोडून दिलीस?"

"राखीव जोडणी. तुमच्याच खात्याचं पत्र आलं होतं, जमिनीतलं पाणी वाढतंय तर नदीवरचा भार कमी करा म्हणून. सन्मानपत्र दिलंय. ते बघ." इस्त्रीच्या टेबलाच्या वर भिंतीला चौकट टांगली होती. 'जलमित्र'.

"ताई, पाणी वाढत नाहीये."

"त्रेसष्ट झाली म्हणालीस ना आत्ता?"

"त्रेसष्ट फूट खाली गेलंय."

थोरलीने निळीचा हात चादरीतून काढला.  मग म्हणाली, "मग बाण वर का आहे?"

 उत्तर मिळालं नियंत्रण कक्षात, भाचीच्या खांद्यावरून पडद्याकडे बघताना. हिरवी रेघ डोंगर चढावा तशी चढत गेलेली. रेघेच्या डोक्यावर शब्द, पातळी.

"बघ ना मावशी, किती छान चाललंय," भाची म्हणाली. "दर पाच फूट चढली की ढगघराची झडप एक घर उघडते. माझं काही कामच नाही. आपोआप."

"आत्तापर्यंत किती घरं उघडली?"

"तीन."

खडूबाई शेजारच्या स्टुलावर बसली. पाणी पाच फूट खाली गेलं की यंत्र समजत होतं ते पाच फूट वर आलं, आणि ढगघराला आणखी पाजत होतं. त्याने पाणी आणखी खाली जाई, आणि यंत्र आणखी खूश होई. दर पंधरा मिनिटांनी, न चुकता, आळस न करता, वशिला न लावता. माणसाने एवढ्या निष्ठेने कधी चूक केली नसती. माणूस मध्येच कंटाळला तरी असता.

आणि तिच्या कानात स्वतःचंच हसणं वाजलं. खोली म्हणजे पातळी. हां, तेच ते.

ती सल्लागाराकडे गेली. आधी त्याने बरीच समजूत घातली. मग तिने त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे ओढला, शेजारी पट्टी धरली, आणि काठापासून मोजून दाखवलं. एक घोट प्यायली, परत मोजलं. "आकडा वाढला की नाही? आणि पाणी?"

सल्लागाराने पट्टी घेऊन स्वतः मोजलं. त्याचा चेहरा तिच्या हातांच्या रंगाचा झाला. "उलटं आहे," तो पुटपुटला. "एक उणे चिन्ह राहिलंय."

"ते घालायला किती वेळ लागतो?"

"एक मिनिट."

"मग घाला."

त्याने बोटं कळफलकावर ठेवलीसुद्धा. मग त्याची नजर साहेबांच्या बंद दाराकडे गेली, आणि बोटं परत मांडीवर आली. "हे असं परस्पर करता येत नाही मॅडम. अहवाल वर गेलेत. दोन शहरांनी आपली प्रणाली मागितलीय. रात्रीत रेघ उलटी झाली तर प्रश्न विचारतील."

"विचारू देत की! प्रश्न विचारायलाच तर रेघ काढतात."

साहेबांकडे दोघं गेली. साहेब खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून सगळं ऐकून घेत. ऐकताना झोपले की काय असं वाटे, आणि पुष्कळदा ते झोपलेलेच असत.

"समजा तुमचं खरं," ते म्हणाले. "ढगघराचा दुसरा मजला मंजूर झालाय. तो कशाच्या जोरावर? या रेघेच्या. आता मी जाऊन काय सांगू, रेघ चुकून उलटी टांगली होती?"

"हो. तेच सांगा."

"बाई, तुम्ही जुन्या वळणाच्या. पाणी खाली गेलं तर आपण खाली जाऊ. दोनशे फूट, पाचशे फूट. आता तसे पंप आलेत."

"खाली जायला पंप आलेत साहेब. खाली पाणी ठेवायला काय आलंय?"

सल्लागार मध्ये पडला. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं. "मॅडम, संगणक थंड करणारे नवे शीतक निम्म्या पाण्यात चालतात. तंत्रज्ञानाने वापर निम्म्यावर आणलाय, हे तरी मान्य करा."

"मान्य. निम्म्यावर आणलात, आणि निम्मं लागतं म्हणून संगणक तिप्पट बसवलेत. निम्म्याची तिप्पट दीडपट होते. बसमध्ये पोरांचं गणित मीच ऐकते."

साहेबांनी डोळे उघडले. "तुमची सही आहे, बाई."

"सही आकडा जुळतो याला आहे! पाणी आहे याला नाही!"

"मग लेखी द्या."

तिने लेखी दिलं. तीनदा. तिसऱ्या पत्रात तर तिने पिशवी उचलून, कुलपं काढून, अकराही विहिरींची मापं स्वतः घेऊन जोडली. पंधरा दिवसांनी छापील उत्तर आलं. 'आपण दिलेले आकडे प्रणालीतील आकड्यांशी तंतोतंत जुळतात. सबब तक्रारीत तथ्य नाही. निकाली.' तिने ते उत्तर चार वेळा वाचलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. खोटेपणा करायलासुद्धा लाज सोडावी लागते, तेवढेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

फलकावर ऐंशीचा आकडा लागला त्या दिवशी चौकात फटाके तेवढे वाजायचे बाकी होते. त्याच दिवशी थोरलीचा बोअर खोकला. पाइपातून आधी गढूळ पाणी आलं, मग हवा आणि पाणी, मग नुसती हवा. तीनही यंत्रं चादरींसकट अर्ध्यात थांबली. इस्पितळाच्या दोनशे चादरी साबणाच्या फेसात बसून राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना वास यायला लागला.

थोरली जोडणी परत मागायला खात्यात गेली. खिडकीतला कारकून म्हणाला, "स्वेच्छेने सोडलेली जोडणी परत मिळत नाही. आणि हवी कशाला? पातळी ऐंशी आहे."

ती तिथून सरळ बहिणीच्या खिडकीजवळच्या खुर्चीपाशी आली. सगळं ऑफिस ऐकत होतं. "मी फलकावर भरवसा ठेवला नव्हता, धाकटे. फलकाला कोण विचारतंय? मी खालच्या सहीवर ठेवला होता."

खडूबाईने मान खाली घातली.  त्या दिवसापासून ती खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच काम करायची. शिपायाने विचारलं तर म्हणाली, "महाग पडली रे ही खुर्ची. बसवत नाही."

मग आकडा नव्वदवर गेला आणि थांबला. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. साहेबांना आनंदाचं भरतं आलं. पातळी स्थिर! दुसऱ्या मजल्याच्या कामाचा शुभारंभ सात नंबरच्या विहिरीपाशीच करायचा ठरलं. मांडव, खुर्च्या, फीत, ढगघराचे अधिकारी. आणि कार्यक्रमात रंगत यावी म्हणून एक कल्पना, बहुतेक साहेबांचीच. जुनं आणि नवं शेजारी शेजारी. ज्येष्ठ मापन तज्ज्ञांनी आपल्या जुन्या टेपने सर्वांसमक्ष माप घ्यावं, आणि ते यंत्राशी जुळावं. सल्लागाराला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस रजेवर गेला. मात्र कार्यक्रमाला आला. न येऊन चालण्यासारखं नव्हतं.

खडूबाईला सात नंबरची विहीर तिच्या तळव्यासारखी माहीत होती. ती एकूण नव्वदच फूट खणलेली होती.

साहेबांचं भाषण झालं. "विहीर आज काठोकाठ भरली आहे," ते म्हणाले, "हा माणसाच्या बुद्धीचा विजय आहे." खडूबाईने झाकणाचं कुलूप काढलं. टेपला खडू चोळला. इतका सावकाश की पुढच्या रांगेतल्यांनी घड्याळं बघितली. टेप खाली सोडली. साठ, सत्तर, ऐंशी. मग खालून आवाज आला. पाण्यात गोळा बुडतो तसा नव्हे. जमिनीवर गोटी पडावी तसा. टप्प.

तिने आकडा वाचला. "नव्वद."

मागच्या पडद्यावर यंत्राचा आकडा झळकला. नव्वद. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिने टाळ्या संपू दिल्या. मग टेप वर ओढली आणि तिचं टोक साहेबांच्या हातात दिलं. "आता हात लावून बघा. ओली आहे का?"

साहेबांच्या बोटांना पांढरी पूड लागली.  तिने टेप शेजारच्या खुर्चीकडे सरकवली, तिथून पुढच्या. पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत टेप सरकत गेली, आणि जिथे गेली तिथे सगळ्यांचे हात पांढरे झाले. "खडू भिजला की काळा पडतो," ती म्हणाली, मोठ्याने, बसमध्ये बोलायची तशी. "माझा आकडा जुळला. यंत्राचा जुळला. खाली दगड आहे. आठ महिने हा आकडा पाण्याची खोली सांगतोय आणि तुम्ही त्याला उंची समजताय. मी चुकीचा शब्द सांगितला, एकदा, फोनवर, हसत हसत. तो गुन्हा माझा. पण मी पेला मांडून दाखवला, तीन पत्रं दिली, त्यालाही पाच महिने झाले. तेव्हा एक मिनिट लागणार होतं. एक मिनिट! ते कुणाकडे नव्हतं?"

सल्लागार बुटांकडे बघत होता. आता त्यांवर धूळ होती.

चौथ्या रांगेतून थोरली उठली. गेले महिनाभर बहिणीशी बोलली नव्हती, आताही बोलली नाही. टेप तिच्या हातात पोचली होती. तिने ती दोन बोटांत धरून, चादर तपासावी तशी, शेवटपर्यंत तपासली आणि साहेबांकडे वळली.

"काठोकाठ आहे ना? एक बादली काढून द्या. माझ्या चादरी पडल्यात."

"बादली त्या विहिरीत मावत नाही हो," साहेबांच्या तोंडून गेलं.

"मग पेला काढा. पेला नको, चमचा काढा. मी चमच्याने धुते."

मांडवात कुणी हसलं नाही. फीत कापायची राहिली. तिला नंतर कुणीतरी गुपचूप गुंडाळून ठेवलं.

चौकशी झाली. चौकशी फार काळजीपूर्वक झाली, म्हणजे कुणाला लागणार नाही अशी. तो दुपारचा फोन ध्वनिमुद्रित झालेला होता. बंद खोलीत सगळ्यांनी खडूबाईचं हसणं ऐकलं, खोली म्हणजे पातळी, आणि अहवालात आलं, 'नोंदवहीतील संदिग्ध शब्द व मापनीसाने दिलेला चुकीचा खुलासा यामुळे तांत्रिक विसंगती उद्भवली.' पेल्याचा उल्लेख नव्हता. तीन पत्रांचा होता. 'निकाली' असा.

उणे चिन्ह एका मिनिटात घातलं गेलं. हिरवी रेघ उलटी होऊन लाल झाली, आणि चौकातला फलक देखभालीसाठी बंद झाला. झडप आपोआप मिटली, अगदी कबूल केल्याप्रमाणे. पण संगणक तापून कसं चालेल? जगभरच्या लोकांचे फोटो आहेत त्यात. तेव्हा दोनशे बारा जलमित्रांनी स्वेच्छेने सोडलेलं नदीचं पाणी एकत्र करून ढगघराकडे वळवण्यात आलं. त्यात थोरलीचीही जोडणी होती. दुसरा मजला पूर्ण झाला. फीत मात्र नवी आणावी लागली.

मग कुणी काय भरलं? ढगघर एक तासही बंद पडलं नाही. साहेब वरच्या कार्यालयात गेले, तिथे खुर्ची आणखी मागे रेलते म्हणतात. सल्लागार आता 'चुकांतून शिकणारी यंत्रणा' या विषयावर ठिकठिकाणी बोलतो, आणि त्याच्या चित्रांत एक पाण्याचा पेला असतो. भाचीचं कंत्राट वाढवलं नाही, आडनाव वेगळं असूनही. खडूबाईला परत विहिरींवर धाडलं, कारण पाचशे फुटांच्या नव्या विहिरींत डबीचा आवाज तळापर्यंत पोचत नाही, टेप पोचते. वहीतल्या रकान्यावरचा छापील शब्द तिने खोडला आणि हाताने लिहिलं, 'काठापासून पाणी किती खाली गेलं'. लिहिताना ओळ रकान्यात मावली नाही. ती शेजारच्या पानावर गेली.

थोरलीची यंत्रं दुसऱ्या शहरातल्या माणसाने विकत नेली. शेडमध्ये इस्त्रीची टेबलं उरली आहेत आणि भिंतीवर ती चौकट. खडूबाई आठवड्याला एकदा तिथे जाते. थोरली दार उघडते, चहा देते, बोलत नाही. गेल्या खेपेला एवढंच म्हणाली, "त्या एका मिनिटाचं भाडं मी भरलं बघ, धाकटे. पूर्ण."